सहीचा शेवटचा दिवस

भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकावर माझ्या हातून तीसेक बाळं जातात. आई पडद्यामागे झडती देत असते तोवर बाळ माझ्याकडे. त्याचा डायपर उघडायचा, आत काही लपवलेलं नाही ना बघायचं, पुन्हा बांधायचा. काही बाळं भोकाड पसरतात, काही माझ्या गणवेशाचं बटण तोंडात घालतात. त्यांच्या मानेला दुधाचा वास असतो. माझ्या ठकीच्या मानेला तो आता येत नाही. ती दोन वर्षांची झाली आणि दिवसभर पाळणाघरात असते.

त्या शुक्रवारी चारच्या आत मला बँकेत सही करायची होती. तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज. गुन्हे आणि न्याय या विषयातली पदवी, तीन वर्षं, संध्याकाळचे वर्ग. पदवी झाली की प्रोबेशन अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज करता येतो. मग डायपर उघडायचे नाहीत. कैद्याच्या घरी जायचं, त्याच्या माणसांशी बोलायचं, न्यायाधीशांसाठी अहवाल लिहायचा. कुणी घरी जावं की नाही, यात माझ्या शब्दाला थोडं वजन येणार होतं. त्या थोड्या वजनासाठी मी दोन महिने झुरत होते.

नवरा जहाजावर. बंदर लागलं की फोन यायचा. मी विषय काढला की म्हणायचा, "शिक्षण तुझं, तू ठरव." मैत्रिणी म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मलाही तसं वाटायचं, फोन ठेवेपर्यंत.

दुपारी प्रोबेशनच्या मॅडम डबा खायला आमच्या खोलीत आल्या. मी धीर करून आकडेमोडीचा कागद पुढे सरकवला. आताचा पगार एकोणीस हजार, त्या जागेचा सव्वीस. वाढ सात. हप्ता पावणेसहा. उरले सव्वा हजार.

"अगं, शिकत असताना व्याज नसतं हे तुला कुणी सांगितलं?"

"हप्ता नसतो ना तीन वर्षं?"

"हप्ता नसतो. व्याज पहिल्या दिवसापासून तुझ्याआधी वर्गात जाऊन बसतं." त्यांनी माझ्याच पेनानं पावणेसहा खोडून सात लिहिलं. "आणि पदवी हातात आली की नोकरी दारात उभी नसते. मी दोन वर्षं वाट पाहिली. हप्त्यानं नाही पाहिली. पोरीच्या शाळेची फी आणि माझ्या शिक्षणाचा हप्ता बरोबरच भरत होते, बोल."

"मग घेऊ नको म्हणता?"

"मी कशाला म्हणू? मी घेतलं होतंच की."

त्यांनी डबा धुतला, हात पुसले. त्या कागदाखाली ठेवलेल्या बँकेच्या फॉर्मवर जामीनदाराची जागा रिकामी होती, ती त्यांना दिसली असणार. क्षणभर मला उगीच आशा वाटली. त्या म्हणाल्या, "लोणचं छान होतं हं," आणि गेल्या.

तीनला भेट संपली. आत गेलेली डोकी आणि बाहेर आलेली डोकी जुळल्याशिवाय फाटक उघडत नाही. आत एकेचाळीस, बाहेर चाळीस. हवालदारकाकांनी पुन्हा मोजलं. चाळीसच. शिट्टी झाली, सगळ्यांना भिंतीशी बसवलं, आत कोठड्या तपासायला माणसं धावली. मीही रांगेवरून बोट फिरवत मोजत होते. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"ताई," हवालदारकाका एकदम थांबले, "तुमच्या खांद्यावर कोण आहे?"

माझ्या खांद्यावर एकेचाळीसावं डोकं लाळ गाळत गाढ झोपलं होतं. आईनं बुटाची नाडी बांधायला म्हणून दिलं होतं, आणि मी त्याला थोपटत थोपटत सगळ्यांना मोजत होते.

रांगेत हशा पिकला. बाळाची आई म्हणाली, "ठेवा की, बाई! फक्त त्याच्या बापाला आत जाऊन विचारून या."

मीही हसले. बाळ परत दिलं तेव्हा खांदा एकदम गार पडला. वर्ग नऊला सुटणार होता. ठकी साडेआठला झोपते. हे मी धरलं नव्हतं असं नाही. कागदावर कुठे लिहायचं तेवढं कळलं नव्हतं.

साडेतीनला सुटले. बँक दहा मिनिटांवर. बँकेसमोर जाऊन उभी राहिले. फॉर्मची अकरा पानं पिशवीत होती. आत माणसं टोकन घेऊन बसली होती. सात वजा सात मी पुन्हा एकदा करून पाहिलं. चारला पहारेकऱ्यानं अर्धं शटर ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा त्यानं उरलेलंही ओढलं.

पाळणाघरातली बाकीची मुलं चारलाच जातात; ठकी रोजच्यासारखी एकटीच उरली होती. दिसताच म्हणाली, "आज लवकर?"

संध्याकाळी तिला भरवत असताना फोन आला. मी म्हटलं, "कर्ज नाही घेतलं."

"बरं झालं!" तो म्हणाला. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मग इतका मोठा श्वास सोडला की समुद्रापलीकडून माझ्या कानात वारा शिरल्यासारखं झालं. "मला सारखी धास्ती होती गं. कसं निभावलं असतं आपण?"

त्या क्षणी बँक उघडी असती तर मी धावत जाऊन सही केली असती.

"ऐकतेस ना?"

"हो," मी म्हटलं, आणि ठकीचा गेल्या आठवड्यातला खोकला आता बराच कमी आहे, रात्री उठत नाही, हे त्याला सांगत बसले.