काडीच्या खिशातले दगड

मित्रांनो, मी एक वजनकाटा आहे. जुना, गंजका आणि सगळ्यांचा नावडता. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दुकानात बसेन, चार लोक कौतुक करतील. नशिबी आलं वणवा विझवायला शिकवणारं केंद्र.

सकाळी उमेदवार माझ्यावर उभे राहतात. मग अंगात जाड कोट, पाठीवर वीस किलोंची पिशवी आणि भर उन्हात टेकडी. उतरले की कोट-पिशवी काढून पुन्हा वजन. घामावाटे दोन किलोंहून जास्त घटलं, तर दुसऱ्या दिवशी सावलीत बसायचं. तिसऱ्यांदा तशी पाळी आली की घरी. नियम शिकवणाऱ्या उस्तादांचा, शिव्या मात्र मला.

एक उमेदवार इतकी किरकोळ होती, की सगळे तिला काडी म्हणत. ती दोनदा सावलीत बसली होती.

"काडे, सामान बांधून ठेव," उस्ताद म्हणाले.

"सासूबाईही हेच म्हणतात, उस्ताद. तुमचं दोघांचं छान जमेल."

त्या दुपारी ती उतरली तेव्हा तिच्या ओठांवर मीठ साचलं होतं. पोटऱ्यांत गोळे आलेले. माझ्या पत्र्यावर तिचे पाय लटलटत होते आणि खिशात दगडावर दगड घासत होता. मी घट दाखवली, दीड किलो. उस्तादांनी लिहून घेतली. मला आकडा दाखवता येतो, बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी अर्ध्या टेकडीवरून तिला झोळीत घालून आणलं. अंग भट्टीसारखं, घाम बंद.

"हा काटाच खोटा आहे," म्हणत उस्तादांनी मला लाथ घातली.

मग तिचा कोट उतरवताना विजारीच्या खिशातून दोन दगड पडले. उस्तादांनी ते माझ्यावर ठेवले. एक किलो शंभर ग्रॅम. वहीतल्या कालच्या दीड किलोत ते मिळवले, तर दोन किलो सहाशे झाले.

पंधरा दिवसांनी काडी सामान न्यायला आली.

"उभी राहा काट्यावर," उस्ताद गुरकावले. "तीन किलो उतरलीस. ते भरून काढ आणि ये. यापुढे सावलीत बसलं म्हणून कोणाचं नाव कापणार नाही. दगड सापडला तर कापेन."

काडी माझ्यावरून खाली उतरली.

"आणि सासूबाईंना कळव, आमचं जमायचं नाही."

मित्रांनो, त्या लाथेचा पोचा अजून माझ्या अंगावर आहे. लोक आजही माझ्यावर दात खातात, खाऊ देत. फक्त अंग थकलं म्हणून सांगायला लागलं, की खिशात दगड भरून त्याला खोटं पाडू नका.