नळी गढूळ होईना

अकराव्यांदा तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी नितळ. इतकं नितळ की पलीकडचं घड्याळ आरपार वाचता येत होतं.

तिला हवं होतं दुधाळ पाणी. मेंदूतल्या तंतूंवर चरबीच्या पातळ पडद्यांचं वेष्टण असतं आणि एक लहानसं प्रथिन त्या पडद्यांना चिकटून त्यांना एकावर एक घट्ट बसवतं. तिने नळीत तशाच चरबीचे बारीक फुगे सोडले होते. प्रथिन चिकटलं की फुग्यांचे गुच्छ होणार, पाणी गढूळणार. कागदावर सगळं सरळ. नळीत मात्र ढिम्म काही होईना.

"आजही नाही?" शेजारच्या टेबलावरून ऐदोबाने विचारलं. धुण्याचा कंटाळा म्हणून हा प्लास्टिकच्या नळ्या वापरून फेकून द्यायचा. त्याचं पाणी पहिल्याच दिवशी गढूळलं होतं, पण नोंदींचा पत्ता नाही, म्हणून सरांनी ते मोडीत काढलं होतं. "सोवळीबाई, अजून एकदा धुऊन बघा की!"

"तू आधी तुझी जीभ धू."

दुपारपर्यंतची मुदत होती. पाणी गढूळलं तर संशोधनाचा हा विषय तिचा, नाहीतर ऐदोबाचा. दोन वर्षं नळ्या आम्लात बुडवून, सात पाण्यांनी धुऊन काढल्या, ते याच्या पदरात घालायला? प्रथिनाची शेवटची बाटलीही तिने सकाळीच लखलखीत काचेच्या नळीत रिकामी केली होती.

भांडी धुणाऱ्या मावशी टोपली आपटत आत आल्या. "बाई, रागावू नका, पण तुमच्या नळ्या घासून बोटं गेली माझी. ते प्रथिन बघायचं निळं औषध याच्या नळ्या टाकण्याआधी विसळल्या की भसकन निघतं. तुमच्या काचेला लेपच धरतो मेला."

ती ताडकन उठली. तिने सकाळची नळी रिकामी केली, खळबळली आणि निळं औषध ओतलं. काच तळापासून काठापर्यंत निळी झाली.

प्रथिन तिथे होतं! चरबीवरचा जो विद्युतभार त्याला ओढतो, तोच काचेवरही असतो आणि काच जितकी स्वच्छ, तितकी ओढ जास्त.

"म्हणजे मी धूत गेले, तसतसं..." नळी भिंतीवर आपटावी असं वाटलं. ती आपटली नाही. भिंत धुवावी लागली असती.

रिकाम्या बाटलीच्या झाकणात एक थेंब अडकला होता. "एक प्लास्टिकची नळी दे," ती दात आवळून म्हणाली. ऐदोबाने दोन्ही हातांनी, मान झुकवून दिली. फुगे, मग तो थेंब. पाणी बघता बघता दुधाळ झालं.

सर आले. त्यांनी नळी हलवून पाहिली. "छान. आता हेच आणखी दोनदा दाखव."

"प्रथिन संपलं, सर." तिने निळी नळी पुढे केली. "ते सगळं इथे आहे."

सरांनी बराच वेळ काच न्याहाळली. "ही धुऊ नकोस. याची नोंद कर. विषय तुझाच. नवी बाटली दीड महिन्याने येईल."

"दीड महिना!"

ती मटकन स्टुलावर बसली. मावशींनी तिच्या चकचकीत नळ्यांचा खोका उचलला. "यांचं काय करू, बाई?"

"न्या घरी."

"बऱ्या आहेत," मावशी म्हणाल्या, "पण नीट धुतल्यात ना?"