हातभर अंतरावरचा रायबा

कॅमेरा मी हट्टानेच घेतला. महाडला लग्नाचे फोटो काढणाऱ्या हृतिककडे तो कपाटात पडून होता, आणि का पडून होता तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. लेन्सची कडी अडकली होती, फिरतच नव्हती. हातभर अंतरावर जे असेल तेवढंच स्पष्ट दिसायचं, बाकी सगळं धुकं. मी म्हटलं, चालेल. घरी पोचेपर्यंत माझी खात्री होती की जगात हातभर अंतरावर भरपूर गोष्टी असतात.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. माणसांपेक्षा म्हशी जास्त, आणि चहूकडे नुसते लांबचे देखावे. दरी लांब, सावित्री नदी लांब, डोंगरांच्या रांगा तर त्याहून लांब. कॅमेऱ्यातून बघावं तर सगळ्याचा मिळून एक निळसर लगदा. आबा म्हणायचे, लोक हिरकणीवाडीला जाऊन रायगडाचे काय सुंदर फोटो काढतात आणि आमची समीक्षा दाराच्या कडीचे काढते. खरंच काढत होते. दाराची कडी, आईचा कान, लसणाची गड्डी, कुडावरचा सरडा. शेळ्यांनी मात्र माझा छळ मांडला. शेळी एक तर पळते, नाही तर येऊन लेन्स चाटते.

मग मला दादा सापडला. रायबादादा म्हशींच्या कामात असला की त्याला कशाचं भान नसतं. मी अगदी नाकाशी जाऊन उभी राहिले तरी तो "बाजूला हो गो" एवढंच म्हणायचा आणि धार काढत राहायचा. त्याच्या टाचेतला काटा, मिशीला लागलेला दुधाचा फेस, मैना म्हशीने मान चाटली तेव्हा गुदगुल्यांनी घट्ट मिटलेले डोळे. मी वेडीच झाले. जेवताना काढले, दात घासताना काढले, पारडाच्या पोटावर डोकं टेकून झोपलेला काढला. एका माणसात एवढं बघण्यासारखं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेही आमच्या दादात.

या दादाचं लग्न जमत नव्हतं. तिशी उलटलेली, घर डोंगरात, कामधंदा म्हशींचा, ही कारणं होतीच. पण लोक प्रत्यक्ष भेटून गेले की नकार यायचा तो उंचीवरून. दादा बुटका आहे. किंचित वगैरे नाही, चांगलाच. तो हसण्यावारी न्यायचा, पण प्रत्येक नकारानंतर चार दिवस त्याचं जेवण कमी व्हायचं, आणि ते बघून मला त्या यच्चयावत पाहुण्यांचा संताप यायचा. पुढ्यात आलेले पोहे तेवढे चाटूनपुसून खाऊन जायचे.

अशात चांगूमामांनी नाते गावातली मुलगी सुचवली. चांगूमामा हे आईचे चुलतभाऊ, आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं आपणच जुळवली असा त्यांचा समज आहे. मुलगी सोनाली, महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. तिचा एक फोटो आला होता. खुर्चीत बसलेली, हसू दाबलेलं, डोळे मात्र अजिबात न दाबलेले. दादाने तो फोटो बघितला आणि त्या दिवशी मैनाची धार काढायची विसरला. मैनाने हंबरून वाडी डोक्यावर घेतली. मुलीकडच्यांची एकच अट होती, मुलाचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो पाठवा.

मग आईने माझ्या कॅमेऱ्याकडे पहिल्यांदाच मायेने बघितलं.

"हिच्या या डबड्यात आख्खा माणूस मावत नाय ना?"

मी म्हटलं, नाही मावत. आईने देवापुढे साखर ठेवली. घरात तीन मोबाइल होते आणि तिन्हींत दादा पायापर्यंत आरामात मावला असता, पण त्या दिवसापुरता सगळ्यांना मोबाइलचा विसर पडला.

मी दादाचा चेहरा धुवून घेतला, केस विंचरले आणि हातभर अंतरावरून एक झकास फोटो काढला. कार्डातले सगळे फोटो चांगूमामांच्या फोनवर टाकले आणि बजावलं, की पहिला तेवढा पाठवा. मामांनी सगळे पाठवले. काटा, फेस, दात घासणं, मैनाच्या ओल्या नाकपुड्या, सगळं. वर मलाच विचारतात, सगळेच चांगले हायत तर निवडायचे कशाला. तोवर तिकडे बघून झालं होतं, निळ्या खुणा आल्या होत्या. दादा गोठ्यात जाऊन बसला तो बाहेर येईना.

संध्याकाळी मामांच्या फोनवर सोनालीचा मेसेज आला. म्हशीचं नाव काय? मी लिहिलं, मैना. लगेच दुसरा आला. काटा निघाला का? हा मी मोठ्याने वाचला. गोठ्यातून दादा आला, माझ्या हातातून फोन घेतला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. मामांनी फोन परत मागितला तर मैना शिंगं हलवते तशी त्याने नुसती मान हलवली. आमच्याकडे रेंज फक्त वरच्या कातळावर नीट येते. पुढचे काही दिवस दादा मामांचा फोन घेऊन त्या कातळावरच राहायला गेल्यासारखा होता, आणि आख्खी वाडी येता-जाता खाकरत होती.

मग निरोप आला की रविवारी येतो. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पण फोटोत लपवलेला माणूस अंगणात कसा लपवणार?

रविवारी मोटरसायकल आली. सोनालीचे काका विनोदराव चालवत होते, मागे सोनाली. ती उतरली आणि उभी राहिली, ती राहतच गेली. आबांच्या वर गेली, दाराच्या चौकटीला लागली. ओट्यावरून दादा उठून समोर आला. त्याचं डोकं तिच्या खांद्याला जेमतेम पोचलं.

विनोदकाकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पोरीची उंची बघून मुलं पळतात, म्हणून तर पायापर्यंतचा फोटो मागत होतो, आणि तुम्ही म्हशीचं नाक धाडलंत. आबा म्हणाले, आणि तुम्ही बसलेला. दादा आता परत गोठ्यात जाणार असं मला वाटलं.

सोनाली दादाकडे बघून म्हणाली, "उंची काकांना बघायची होती. मी फोटोंसाठी आलेय."

दादाने मान वर केली. "मला वर बघायची सवय हाय. डोंगरात राहतो मी."

ती हसली. दाबलं नाही अजिबात. आईही हसली, काका हसायचं नाही असं ठरवून खोकले. सोनाली मला म्हणाली, आमच्या दोघांचा एक काढ, तुझ्या त्याच कॅमेऱ्याने.

इथे माझी पंचाईत झाली. हातभर अंतरावरून चौकटीत मावणार दोन चेहरे, तेही शेजारी शेजारी. तिला धरलं तर दादाचे नुसते केस, दादाला धरलं तर तिची हनुवटीसुद्धा नाही. काकांनी दादासाठी पाट आणला. आई सोनालीला म्हणाली, जरा वाकतेस का बाळा.

"नाय," दोघं एकदम म्हणाले.

तिने जन्मभर फोटोसाठी गुडघे वाकवले होते आणि त्याने टाचा उंचावल्या होत्या. मी दोघांकडे बघितलं आणि कॅमेरा आडव्याचा उभा केला. इतके महिने तो माझ्या हातात होता आणि हे मला सुचलं नव्हतं. खाली दादा वर बघत होता, वर सोनाली खाली बघत होती, मधे तिची वेणी, आणि दोघांची हसून वाट लागलेली. दोन्ही चेहरे लख्ख आले. मी ओरडलेच.

काकांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, साखरपुड्याला पोलादपूरचा हॉल बघू, स्टेजला पायऱ्या असलेला. रायबा वरच्या पायरीवर उभा राहिला की बरं दिसेल.

"नको काका," सोनाली म्हणाली. "आपल्या अंगणातच करू. सपाट हाय."

आपल्या म्हणजे कोणाच्या, हे आईला बरोबर समजलं. ती चहा टाकायला म्हणून जी आत पळाली ती बराच वेळ बाहेर आली नाही.