गोधडीखालचं ग्राफिक्स कार्ड

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण मी काँप्युटरच्या डब्यात आडवा बसलेला असतो आणि डबा स्क्रूंनी बंद असतो. पण पडद्यावर सायकल धावते, झाडाची सावली हलते, पाण्यावर ऊन चमकतं, ते सगळं रंगवण्याचं काम माझं. माझ्या अंगावर दोन पंखे आहेत. काम वाढलं की मी तापतो, तापलो की पंखे जोरात फिरतात. मला बोलता येत नाही. जे सांगायचं ते मी त्या पंख्यांनीच सांगतो.

माझा जन्म चित्रं काढण्यासाठी झाला, पण पहिली तीन वर्षं मी एकही चित्र काढलं नाही. हैदराबादच्या बाहेर पत्र्याच्या एका शेडमध्ये माझ्यासारखी शंभरेक कार्डं लोखंडी मांडणीवर ओळीने अडकवलेली होती. इंटरनेटवरची नाणी मिळवण्यासाठी आमच्याकडून गणितं सोडवून घेत. एकाच तऱ्हेचं गणित, थांबायचं नाही. आम्हाला पडदा जोडलेलाच नव्हता. काँप्युटरमध्ये प्रत्येक रंगाला एक आकडा असतो. हिरव्या रंगाचा आकडा मला पाठ होता, पण हिरवा मी कधी पाहिला नव्हता. एके दिवशी शेजारचं कार्ड गप्प झालं. कामगाराने ते उपसून काढलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. त्याला चहा गार व्हायच्या आत ते काम उरकता आलं.

पुढे तो धंदा बसला. आम्हाला खोक्यांत भरून विकलं. मी आदिलाबादला, सुरेंद्र शेठच्या काँप्युटर दुकानात उतरलो. तिथल्या एका खणात दोन बिघडलेल्या कार्डांच्या मध्ये मी दीड वर्ष पडून होतो. खण उघडला की उजेड यायचा, कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर उचलायचं आणि पुन्हा अंधार व्हायचा.

मग एका रविवारी साक्षी आली. आठवीतली मुलगी, हातात वहीचं पान. तिच्यासोबत तिचा मामा अमरदीप होता. तो तहसील कचेरीत क्लार्क आहे, आणि खेळांचं वेड त्याला भाचीपेक्षा जास्त. दाराशी तिची आई वृषाली उभी होती. ती शाळेत शिक्षिका आहे. कडेवर साक्षीचा दोन वर्षांचा भाऊ धम्मदीप होता, आणि ती प्रत्येक खोक्यावरचा बारीक मजकूर वाचत होती.

सुरेंद्र शेठने सगळ्यात आधी लखलखणारी कॅबिनेट, म्हणजे काँप्युटरचा रिकामा डबा, पुढे ठेवली. "बेटा, हे बघ. सात रंग फिरतात. सगळे पोरं आता हेच घेऊन राह्यले."

"लायटा मस्त आहेत, साक्षी," मामा म्हणाला. "घेऊन टाक."

"मामा, लायटा घेतल्या तर कार्ड बसत नाही आपल्या पैशात. मग काय नुसत्या लायटांकडे पाहत बसायचं?"

शेठ हसला आणि त्याने खण ओढला. "मग हे बघ. वापरलेलं आहे, पण माल चांगला."

साक्षीने मला दोन्ही हातांनी धरलं. पानावर तीन वेळा खोडून लिहिलेल्या यादीत माझं नाव होतं! माझ्यासाठी तिने वायरलेस माऊस खोडला. प्रोसेसर एक पिढी मागचा घेतला. रॅमच्या दोन पट्ट्यांची एक केली.

"वापरलेलं म्हणजे कुठं वापरलेलं?" आईने दारातूनच विचारलं. "तापून फुटत-बिटत तर नाही ना?"

"मॅडम, फुटायला हा काय कुकर आहे?"

मामा हसला, आई हसली नाही. "आणि तो करंट देणारा डबा फुकटातला नको. पाहिजे तर दुसरं काही कमी करा, पण पॉवर सप्लाय चांगला द्या. घरात लहान लेकरू आहे."

मित्रांनो, पहिला काँप्युटर जुळवताना माझ्यावर सगळ्यांची नजर असते, पॉवर सप्लाय कोणालाच आठवत नाही. त्या दिवशी तो आईला आठवला, म्हणून मी आजवर जिवंत आहे.

निघताना शेठ म्हणाला, "आठ दिवस चालवून पाहा. कार्डाने त्रास दिला तर बदलून देतो."

"त्रास दिला तर सगळंच परत," आई म्हणाली. "भीतीची वस्तू मला घरात नको."

शेठने कान खाजवला आणि मान डोलावली. साक्षीचा चेहरा उतरला. मला पुन्हा तो खण दिसू लागला.

त्यांचं घर कापूस मार्केटच्या मागे आहे. मामा आणि साक्षीने फरशीवर चादर अंथरून आम्हाला एकेक करून डब्यात बसवलं. वायर जोडली, बटण दाबलं, आणि मी माझ्या आयुष्यातलं पहिलं चित्र काढलं. गवत! मित्रांनो, हिरवा रंग त्याच्या आकड्यासारखा मुळीच नसतो.

साक्षीचा खेळ गाव बांधायचा होता. तिने बेज्जूरकडचं आजोळ बांधायला घेतलं. जंगल लावलं, नदी काढली, आजीचं घर उभं केलं. आई लांबून पाहत होती. शेवटी राहवेना.

"तो पळस तिकडे नाही. विहिरीजवळ आहे."

"तू सांग ना मग, मम्मी."

आई पाच मिनिटं बसली आणि तिने तीन झाडं हलवली. त्या पाच मिनिटांइतका मोकळा मी कधी नव्हतो.

पण ते कापसाचे दिवस होते. मार्केटमध्ये गाड्या लागल्या की कापसाचे तंतू उडत घरात येतात, खिडकीच्या जाळीवर चिकटतात. त्या घरात प्रत्येक वस्तूला पांघरूण आहे. फ्रीजला टोपी, मिक्सरला झगा, टीव्हीला पडदा. तिसऱ्या दिवशी आई शिलाई मशीनवर बसली. जुन्या साड्यांच्या गोधडीचा उरलेला तुकडा घेतला, डब्याचं माप घेतलं आणि जाडजूड खोळ शिवली. मागे वायरींसाठी फट ठेवली, पुढे बटणासाठी गोल भोक ठेवून त्याला काजं करतात तसा टाका घातला. किती निगुतीने शिवलं होतं! हवेसाठी मात्र कुठेच काही नव्हतं.

चौथ्या दिवशी धम्मदीपने खोळीखालून चमचा घालायचा प्रयत्न केला. आईने चमचा हिसकावला आणि डबा उचलून टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये ठेवला. वायरी मागच्या भोकातून काढल्या, दार लावलं, कडी घातली.

आता मी डब्यात, डबा गोधडीत, गोधडी कपाटात. मी सोडलेली गरम हवा फिरून माझ्याच तोंडावर येई. शेडमध्ये निदान एका बाजूला जाळी होती. इथे माझ्यावर माया करणारी माणसं होती आणि मी गुदमरत होतो. साक्षी नदीला वळण देत असायची, नदी निळी ठेवायला मी जिवाचं रान करायचो, आणि पंखे ओरडत राहायचे. दार बंद असल्याने तो आवाज बाहेर मांजर गुरगुरल्यासारखा ऐकू जाई.

पाचव्या दिवशी मला सहन झालं नाही. पडदा काळा झाला.

"काऊन बंद झालं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मीच केलं," साक्षी म्हणाली. "अभ्यास आहे."

मला सगळं कळलं. खरं सांगितलं तर सगळं परत जाणार होतं. सहाव्या दिवशीही ती तेच बोलली. सातव्या दिवशी मात्र मामासमोरच पडदा काळा झाला.

"ताई, हे कार्डच आजारी आहे," मामा म्हणाला. "उद्या सकाळी गाडीवर टाकून दुकानात परत देऊन येतो. शेठने फसवलं आपल्याला."

साक्षीने माऊस बाजूला सारला. तिने नदी अर्धी सोडली होती.

आठव्या दिवशी सकाळी मामा खोकं घेऊन आला. साक्षी म्हणाली, "फक्त एकदा गाव पाहते, मग न्या." तिने खेळ लावला. माझे पंखे सुरू झाले. मला वाटलं, आता शेवटचंच आहे तर जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडावं.

आईने कडी काढली आणि डबा ओढून बाहेर घेतला. खोळ काढायच्या आधी तिने त्यावर तळहात ठेवला. लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आधी सरळ, मग उलटा.

"अगं बाई, याला तर ताप आहे."

तिने खोळ काढली. थंड हवा आत आली. दोनेक मिनिटांत माझे पंखे हळू झाले, मग इतके शांत झाले की बाहेरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. आई तशीच उभी होती. तिने खोळ पुन्हा घातली. मी पुन्हा ओरडलो. तिने काढली. मी शांत झालो.

"काय करून राह्यली, ताई?" मामा म्हणाला. "उशीर होते मले."

"थांब रे." आई खाली बसली. "कार्ड आजारी नाही, अमरदीप. मीच त्याला गोधडीत घालून कोंडलं." मग ती साक्षीकडे वळली. "आधी पण बंद पडलं होतं ना? मला काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू परत केलं असतं."

आईने खोळीची घडी घालून मांडीवर ठेवली. "हो," ती म्हणाली. "केलं असतं."

मामाने खोकं बाजूला ठेवलं. "ताई, आता फ्रीजची टोपी पण काढ. त्याले पण जीव असन."

"तू गप. शोकेसवर जागा कर."

आता आमचा डबा शोकेसच्या वर, उघड्यावर असतो. तिथे धम्मदीपचा हात पोचत नाही. दर रविवारी साक्षी वायर काढते, डबा उघडते आणि मऊ ब्रशने कापसाचे तंतू झाडते. एरवी मी स्क्रूंच्या आतच असतो, ते काही बदललेलं नाही. आमच्यासारख्यांना डब्यातच राहावं लागतं. पण डब्याला भोकं आहेत आणि ती उघडी आहेत. तेवढ्यावर मी आजीच्या विहिरीजवळचा पळस रोज रंगवतो.

मित्रांनो, ज्या वस्तूला तुम्ही जपता, तिच्यावर पांघरूण घालण्याआधी एकदा हात ठेवून पाहा. ती ओरडत असेल तर का ओरडते ते विचारा. आणि काही बंद पडलं तर घाबरून लपवू नका. माझं बंद पडणं दोन दिवस लपवलं, तेव्हा मी खणात परत जाता जाता वाचलो.

ती खोळ फेकलेली नाही. दुपारी धम्मदीप तीच पांघरून झोपतो. वायरींसाठी ठेवलेल्या फटीतून त्याचं एक पाऊल बाहेर आलेलं असतं. आई येते, ते पाऊल आत ढकलायला वाकते, आणि तसंच राहू देते.