आंतरचाकीय लग्न

ताईने भावोजींचे दोन दात पाडले ते भांडणात नाही, नियमानुसार पाडले. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक काहीही बोलतात.

ग्रंथालयासमोरचं पटांगण ही आमच्या शहरातली एकमेव गुळगुळीत फरशी. तिथे आम्ही चौचाकीवाले स्केटिंग करायचो, म्हणजे बुटाला दोन चाकं पुढे, दोन मागे. आणि ते रांगवालेही करायचे, ज्यांची चारही चाकं एकामागे एक असतात. एका महिन्यात एकमेकांवर आदळून सहा हाडं मोडली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी दारावर कागद चिकटवला : ‘यापुढे एकच गट. कुठला, ते तुमचं तुम्ही ठरवा.’ उरलेल्यांना मंडईमागची खडीची जागा. खडीवर स्केटिंग करणं म्हणजे कंगव्याने विहीर खणणं.

ताई आमच्यातली, भावोजी त्यांच्यातले. घरात बुटांची कपाटंसुद्धा वेगळी. आईने लग्नाआधीच बजावलं होतं, “मुलगा सोन्यासारखा आहे गं, पण चाकं बघ त्याची.”

असले वाद आमच्याकडे टकरीने सुटतात. दोन टोकांकडून दोघांनी सुटायचं, जो वळेल तो हरला. बुटांचे ब्रेक आधीच काढून पंचाकडे द्यायचे, उगाच मोह नको म्हणून. पंच आमची आई, कारण ती दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या घालते. आमच्याकडून ताई उभी राहिली, त्यांच्याकडून भावोजी. बाकीच्यांची प्लास्टरं अजून ओली होती. ती ताईनेच घातली होती, हाडांच्या दवाखान्यात तिचं कामच ते.

रविवारी सकाळी दोघं घरून एकत्र नाश्ता करून आले.

“अहो, वळलात तर घरी येऊ नका,” ताई म्हणाली.

“आणि तू वळलीस तर?”

“मी कधी वळलेय?”

आईने शिट्टी फुंकली. कोणीही वळलं नाही. भरलेलं कपाट जिन्यावरून सोडावं तसा आवाज झाला. भावोजींचे दोन दात ताईच्या कपाळात रुतले, त्यातला एक तिने उपटून सभ्यपणे बाजूला ठेवला.

बरोबरी झाली तर चाकांवर आधी उभा राहील तो जिंकला, असा नियम. आणि इथे घोळ झाला. लहानपणापासून आम्ही सगळे पडलो की ब्रेकचा रबर फरशीवर टेकवूनच उठत आलो आहोत. ब्रेक आईच्या पर्समध्ये. ताई उठली, घसरली. भावोजी उठले, घसरले. त्यात फरशीवर रक्त. मग ते पडल्या पडल्याच एकमेकांना हाणू लागले. भावोजींनी तिचं बोट मागे दुमडलं, कट्कन. ताईने त्यांचा घोटा पिरगाळला, अगदी निष्णातपणे.

“आई, ब्रेक द्या की हो!” भावोजी ओरडले.

“नियम करताना विचारलं होतं मला? भोगा आता.”

अर्धा तास हेच. रांगवाल्यांच्यातला एक न्हावी आम्हाला खडीच्या जागेचा रस्ता समजावून सांगायला लागला. तो बोलत असतानाच त्याची नाकपुडी मी फाडली, पण ते वेगळं.

आणि मग ताईने भावोजींचे केस धरले. गुडघा छातीवर रोवला. एक बूट त्यांच्या पोटावर ठेवला. चाकं आत रुतली. घसरली नाहीत. दुसरा बूट बरगड्यांवर. दोनदा काहीतरी तडकलं.

“सातवी,” ताई कान देऊन म्हणाली, “आणि आठवी.”

ती उभी राहिली. सरळ, हात पसरून, रक्ताने न्हालेली. आईची शिट्टी वाजली. आम्ही चौचाकीवाले नाचलो. पटांगण आमचं झालं.

खालून भावोजी म्हणाले, “जिंकलीस ना? उतर आता.”

“उतरले तर पडेन.”

“मग?”

“मग काय, श्वास हळू घ्या. हलतंय.”