विकतचा नंबर

आमच्या हवाना शहरात रांगेत ताटकळत उभं राहावं लागत नाही. आल्या आल्या "शेवटचं कोण?" विचारायचं, त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. नंबर नुसता तोंडी, पण कुणी मोडत नाही.

त्या दिवशी दुकानात कोंबडी आली होती. माझा नवरा एवेलियो पोटाचं ऑपरेशन होऊन घरी पडलेला. अन्नाकडे बघायला तयार नव्हता. "कोंबडीचा रस्सा असेल तर घोटभर घेईन," एवढंच सकाळी बोलला होता.

माझ्या पुढचा नंबर ओस्मेलचा. हा मेला पहाटे येऊन नंबर धरतो आणि दोनशे पेसोला विकतो. माझ्या मागे शेजारीण सोराइदा. ती सकाळपासून त्याची खरडपट्टी काढत होती.

"आजाऱ्यांच्या, लेकराबाळांच्या तोंडचा घास विकतोस रे! आणि ऐक, विकणाऱ्यापेक्षा घेणारा मोठा चोर!"

"मावशी, मी काय बंदूक लावतो कुणाला? ज्याला हवा तो घेतो," ओस्मेल दात काढत म्हणाला.

मी मान डोलावत होते. बाई बोलत होती ते खरंच होतं.

दुपारी दुकानातली बाई बाहेर आली. तिने माणसं मोजली आणि ओस्मेलपाशी थांबली. "इथपर्यंतच. बाकीच्यांनी घरी जा."

दोनशे पेसो माझ्या पाकिटात होते. ओस्मेल माझ्याकडेच बघत होता. पण मागे सोराइदा उभी! तिच्यादेखत कसं विचारू? तेवढ्यात माझ्या खांद्यावरून नोटा धरलेला एक हात पुढे गेला. सोराइदाचा!

थोड्या वेळाने ती कोंबडीची पिशवी छातीशी धरून दुकानातून बाहेर आली, खाली मान घालून.

"माझ्याकडेही होते गं पैसे!" मी ओरडले. "तुझ्यादेखत नंबर घ्यायची लाज वाटली म्हणून गप्प बसले!"

"घरी नातवंडं आहेत गं..." ती पुटपुटली. मग म्हणाली, "चल, अर्धी तुला. एवेलियोला हवीच आहे."

माझा राग तिथेच निवला. डोळे भरून आले. शेवटी शेजारीणच धावून येते, असं वाटलं. माझ्याच स्वयंपाकघरात तिने कोंबडी कापली, मोठा वाटा मला दिला. दुकानाच्या भावाने अर्धे पैसे मी तिला दिले.

"आणि नंबरचे शंभर," ती म्हणाली.

आतल्या खोलीतून एवेलियोने हाक मारली, "मिळाली का गं?"

"मिळाली," मी म्हणाले आणि शंभर पेसो तिच्या हातावर ठेवले.