छतातून झरणारी चमचमती राख

आमच्या जिन्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागली होती. वडील ज्या खोलीत वारले, तिच्या छतातून रोज संध्याकाळी राख झरायची. साधीसुधी नाही, दिव्याखाली चमचम करणारी! खाली महाराज बसलेले आणि शेजारी, पडद्याला टेकून, त्यांचा पट्टशिष्य म्हणजे माझा दादा.

"वर गेलेला जीव खाली माया पाठवतोय! जिभेवर ठेवा, दुखणं पळालंच समजा!" महाराज गरजायचे. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं मात्र जागचं हलत नव्हतं. उठायला दादाचा खांदा लागायचा.

मी हसून सोडून दिलं असतं, पण आईला दमा आहे. तिनं पंप कपाटात टाकला होता आणि ती राख चाटत होती. दोन पावलं चालली तरी छाती वाजायची.

"आई, पंप घे गं."

"तुझे वडील वरून औषध पाठवताहेत, नि मी दुकानातलं घेऊ?"

"दादा, तू तरी सांग हिला!"

"तुझं विज्ञान शाळेत ठेव," दादा म्हणाला. "आईची श्रद्धा मोडू नकोस."

लहानपणापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा. पण मी विज्ञान शिकवते, हात शिवशिवले. चिमूटभर राख पुडीत बांधून शाळेत नेली आणि भिंगाखाली धरली. किड्यांचे पाय होते, पंखांचे तुकडे होते. चमक त्या पंखांची होती. किडे खाणाऱ्या वटवाघळांच्या वाळक्या लेंड्या चुरल्या की असंच दिसतं. हे आई चाटत होती! ही धूळ धडधाकट माणसाच्याही छातीला वाईट.

संध्याकाळी भरल्या गर्दीत मी माळ्याला शिडी लावली. दादा आडवा आला.

"वर जायचं नाही. कोप होईल!"

"होऊ दे. माझ्यावरच होईल ना?"

नाकातोंडाला फडकं बांधून चढले. वाशांना वटवाघळं लटकली होती, पोटाशी पिल्लं धरून. खाली लेंड्यांचा थर. आणि छताच्या फटीवर टांगलेली एक चाळण, चुऱ्यानं भरलेली. तिची दोरी पडद्यामागून थेट दादाच्या बसायच्या जागेपर्यंत गेली होती. दोरी ओढली की चाळण हलणार आणि राख झरणार.

महाराज लबाड, हे मी धरूनच चालले होते. पण दादा? चाळण सोडवून घेतली आणि शिडी उतरले.

चाळण पाहताच महाराज "माया! भ्रम!" ओरडत कुणाचाही खांदा न घेता उठले आणि जिना उतरून पसार झाले. गुडघ्याला गुण आला खरा.

आईनं चाळण हातात घेतली, चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "ही तर माझी. भंगारात गेली म्हणालास ना तू?"

दादा खाली बघत म्हणाला, "लोक आपल्या दाराशी येत होते, आई. मला मान देत होते. तुलाही बरं वाटत होतं ना?"

"मला श्वास घेता येत नव्हता रे. आणि तू शेजारी बसून दोरी ओढत होतास! याच चाळणीनं पीठ चाळून तुला खाऊ घातलं मी."

सख्ख्या मुलानं आईचा केसानं गळा कापला होता. दादा त्याच आठवड्यात घर सोडून गेला.

त्या संध्याकाळी गर्दीचा राग मात्र भलतीकडेच, वटवाघळांकडे वळला. "धूर करा! जाळून काढा त्यांना!" आदल्या दिवशी चाटणारेच ओरडत होते. मी शिडी अडवून उभी राहिले. "त्यांनी कुणाला फसवलंय? पिल्लं उडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पिल्लं उडायला लागल्यावर त्यांच्या ये-जा करायच्या फटीवर बाहेरून जाळी लावली, खालून मोकळी. बाहेर निघताना ती खाली घसरून उडून जात, परत आत शिरायला मात्र वाट सापडत नसे. आत एकही उरलं नाही याची खात्री करून मगच फट बुजवली.

आई आता पंप घेते. चाळण वापरत नाही आणि टाकूही देत नाही.

म्हणून सांगते, छतातून काही झरलं तर हात जोडण्याआधी शिडी लावा. आणि शिडीला आडवा येणारा कितीही सख्खा असला, तरी वर चढाच.